शेणाची पंगत

माशांच्या पिलांसाठी उघड्या तळ्यात खत घालणे म्हणजे सरळ मराठीत तळ्याला शेण चारणे. हे शेण माशांनी खावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. शेण खातात ते जिवाणू. जिवाणूंवर, आणि शेणातून सुटलेल्या अन्नद्रव्यांवर वाढलेल्या शेवाळावर, पाण्यातले सूक्ष्म जीव पोसले जातात आणि त्या जिवांवर माशाचे पिल्लू ताव मारते. 'शेण खाणे' या वाक्प्रचाराला मराठीत जी अप्रतिष्ठा आहे, ती साखळीतल्या सर्वांत खालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या मंडळींच्या वाट्याला जाते आणि सर्वांत वरचा रोहू ताटात येईपर्यंत सोवळा राहतो. समाजातही साधारण अशीच व्यवस्था असते. तिला मत्स्यसंवर्धन म्हणत नाहीत, एवढाच फरक.

या पंगतीचा मुख्य पाहुणा म्हणजे कटला, रोहू किंवा मृगळ या माशांचे तीन दिवसांचे पिल्लू. माशांच्या बाळपणाचे टप्पे मराठीत मिसळणाच्या डब्यावरून आणि हाताच्या पंज्यावरून ठरले आहेत. सहा ते आठ मिलिमीटर लांबीचे पिल्लू जिऱ्याच्या दाण्यासारखे दिसते म्हणून ते मत्स्यजिरे. ते वाढून दोन-अडीच सेंटिमीटरचे झाले की मत्स्यबीज, आणि बोटाएवढे झाले की बोटुकली. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिले तीन दिवस जिऱ्याच्या पोटाला बलकाची शिदोरी बांधलेली असते. ती संपत येते, तोंड उघडते, भूक लागते आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर त्याला प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परगावी पाठवतात. माहेरची शिदोरी संपली की सासरी रवाना करण्याची ही रीत माशांच्या बाबतीत शास्त्रशुद्ध मानली जाते.

एक लाख जिऱ्यांचे वजन सुमारे १४० ग्रॅम भरते. इतकी बारीक वस्तू एकेक करून मोजणे कोणालाच परवडत नाही, म्हणून मोजदाद वाटीने होते. एक वाटी खरोखर मोजायची आणि पुढच्या सगळ्या वाट्या तेवढ्याच भरल्या असे दोन्ही पक्षांनी समजुतीने मानायचे. वाटीत जिरे किती आणि पाणी किती, हा या धंद्यातला जुना प्रश्न आहे. दूधवाल्याशी व्यवहार केलेल्या समाजाला तो नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

मातीच्या संगोपन तळ्यात हेक्टरी ३० ते ५० लाख जिरे सोडण्याची शिफारस असते. गुंठ्याच्या हिशेबाने ते ३० ते ५० हजार होतात. म्हणजे गुंठाभर तळ्यात उतरणाऱ्या सगळ्या पाहुण्यांचे मिळून वजन जास्तीत जास्त ७० ग्रॅम. त्यांच्या स्वागतासाठी त्याच गुंठ्यात शेण पडते १०० किलो. मराठी लग्नात पाहुण्यांच्या अंदाजापेक्षा जिलेबी जास्त काढतात हे खरे, पण पाहुण्यांच्या वजनाच्या चौदाशे पट शिधा मांडण्याची हिंमत अजून कोणत्याही यजमानाने केलेली नाही.

ही सारी उठाठेव गेल्या सत्तरेक वर्षांत वाढली. मासे पाळण्याची आणि पकडण्याची हौस त्यापूर्वीही होतीच. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच घातले आहे. राजाला विनोद दिसला तो गळ टाकण्यात. मासे वाढवण्यात जो आहे तो शेतकऱ्यांसाठी राखून ठेवला गेला. कटला-रोहूचे बीज पूर्वी नद्यांतून धरून आणत. साठलेल्या पाण्यात हे मासे वाढतात, पण आपण होऊन अंडी घालत नाहीत. वाहत्या, पुराच्या पाण्याशिवाय संसार थाटायचा नाही असा त्यांचा बाणा. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून तळ्यातच अंडी घालवून घेतली. तो दिवस देशात आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. टोचणीचा मार्ग सापडल्यावर जिरे लाखांनी मिळू लागले, आणि लाखांनी आलेल्या पाहुण्यांना घालायचे काय, हा यजमानांचा सनातन प्रश्न उभा राहिला.

पेंड आणि कोंडा घालता येतो आणि घालतातही. पण नुकत्याच उघडलेल्या तोंडाला पहिला घास जिवंत, हलणारा आणि तोंडात मावेल एवढा लागतो. असा घास दुकानात पोत्याने मिळत नाही. तो तळ्यातच पिकवावा लागतो. पाण्यात तरंगणाऱ्या या सूक्ष्म पिकाला प्लवंग म्हणतात. त्यातले हिरवे ते वनस्पतिप्लवंग, आणि त्यांना खाऊन वळवळणारे ते प्राणिप्लवंग. मत्स्यजिऱ्याला हवे असते दुसरे. लहानपणी कटला, रोहू आणि मृगळ तिघेही याच पदार्थावर तुटून पडतात. मोठेपणी मात्र भावांच्या चुली वेगळ्या होतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात जेवतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी.

तयारी उन्हाळ्यात सुरू होते. संगोपन तळे लहान असते, दोन ते दहा गुंठ्यांचे आणि मीटर-दीड मीटर खोलीचे. ते आटू देतात, तळाला भेगा पडेपर्यंत तापू देतात, जमल्यास नांगरतात. रस्त्याने जाणाऱ्याला ते ओसाड दिसते, पण त्या भेगाळलेल्या गाळात प्राणिप्लवंगांची टणक कवचाची अंडी पावसाची वाट पाहत पडलेली असतात. पाणी आले की ती उबतात. कोणी आमंत्रण दिलेले नसताना पंगतीला पहिले वाढपी कुठून आले, याचे उत्तर हे.

पाणी भरण्याआधी किंवा भरल्यावर चुना पडतो. चुन्याने मातीचा आंबटपणा जातो, रोगजंतू आणि परजीवी मरतात आणि शेण लवकर कुजते. माती उदासीन असेल तर हेक्टरी २०० ते २५० किलो पुरतो, म्हणजे गुंठ्याला दोन-अडीच किलो. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी. ती याच्या कितीतरी पट चुना मागते. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी आधीच ठासून भरलेली असल्यामुळे तिला तो मुखशुद्धीपुरताच लागतो. तरीही रत्नागिरीच्या तळ्याचा हिशेब ऐकून आलेला सोलापूरकर आपल्या तळ्यालाही तेवढाच विडा देतो, कारण तिथल्या तळ्यातले मासे मोठे झाल्याचे त्याने पाहिलेले असते आणि तिथली माती तपासल्याचा कागद पाहिलेला नसतो.

बारमाही तळे आटत नाही. त्यात मरळ, वाम, शिंगटी असे जुने भाडेकरू ठाण मांडून असतात. मोठा मासा लहान माशाला खातो, ही म्हण त्यांना तोंडपाठ असते. पाच हजारांचे जिरे सोडून दोन महिन्यांनी एक गलेलठ्ठ मरळ जाळ्यात आला, तर तो मरळ पाच हजारांचा पडला असे समजावे. या भाडेकऱ्यांना घालवण्यासाठी मोहाची पेंड वापरतात, हेक्टरी २,५०० किलो, म्हणजे गुंठ्याला २५. तिच्यातल्या सॅपोनिनने माशांच्या रक्तपेशी फुटतात आणि ते दगावतात. दोन-तीन आठवड्यांत विषाचा जोर ओसरतो आणि तीच पेंड कुजून उत्तम खत होते. मोहाचे फूल माणसांना झिंगवते, बी तेल देते, पेंड माशांना मारते आणि मग त्यांच्याच जागी येणाऱ्या पिलांना पोसते. एका झाडाने एवढ्या परस्परविरोधी जबाबदाऱ्या सांभाळल्याचे उदाहरण दुसरे नाही. मोहाची पेंड घातली असेल तर शेण निम्म्यावर आणतात, कारण निम्मे जेवण मारेकऱ्यानेच बनवून ठेवलेले असते.

आता शेण. शिफारस हेक्टरी १०,००० किलोची, जिरे सोडण्याच्या साधारण पंधरा दिवस आधी. वाचताना हा आकडा भव्य वाटतो; गुंठ्याला १०० किलो म्हटले की तो गोठ्याच्या आवाक्यात येतो. घोटाळा होतो तो हेक्टर, एकर आणि गुंठा या तीन भावंडांत. माहितीपत्रक हेक्टरात बोलते, सातबारा हेक्टर-आरात बोलतो, शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो आणि शेण टाकणारा गडी पाटीत बोलतो. चार भाषांतून जाता जाता एखादे शून्य वाटेत गळते किंवा वाढते. शून्य गळले तर पाणी आरशासारखे नितळ राहते आणि पिले उपाशी मरतात. शून्य वाढले तर पुढचे काही लिहिण्यासारखे उरत नाही.

शेण ताजे की कुजलेले, यावर दोन पंथ आहेत. ताज्यात अन्नद्रव्ये जास्त, पण कुजताना ते पाण्यातला प्राणवायू अधिक ओढते. कुजलेले सौम्य, पण त्यातला नत्र बराचसा उकिरड्यावरच उडून गेलेला. जिरे पंधरा दिवसांनी येणार असेल तर ताजे चालते; पाहुणे दारात उभे असताना चूल पेटवायची वेळ आली तर कुजलेलेच बरे. शेण तळ्यात एकाच जागी ओतू नये, असे प्रत्येक पुस्तक सांगते. प्रत्यक्षात ट्रॉली जिथपर्यंत जाते तिथे ते ओतले जाते. मग एका कोपऱ्यात काळे, बुडबुडे सोडणारे बेट तयार होते आणि उरलेले तळे त्याच्याकडे दुरून पाहत राहते. शेण पाण्यात कालवून काठाकाठाने शिंपणे हाच योग्य मार्ग. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सडासंमार्जन ही आपली जुनी परंपराच आहे, इथे फक्त अंगण ओले आहे.

दुसरा मार्ग अधिक पाककुशल माणसांसाठी आहे. हेक्टरी ७५० किलो शेंगदाणा पेंड, २०० किलो शेण आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र भिजवून त्याचा घट्ट लगदा करतात आणि निम्मा जिरे सोडण्यापूर्वी दोन-तीन दिवस, उरलेला पुढे थोडाथोडा घालतात. गुंठ्याचे माप साडेसात किलो पेंड, दोन किलो शेण, अर्धा किलो सुपर. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात रात्री पेंड भिजत घातली की सकाळी ती फुगून वर येते. तिच्यावर फेस धरलेला असतो आणि वास असा असतो की पिंपाकडे जाणारा माणूस तोंड डावीकडे वळवून उजव्या हाताने काठी फिरवतो. त्यात शेण कालवले की रंग पुरणाचा येतो, सुपरचे राखाडी दाणे पडले की खसखस घातल्यासारखे दिसते. मग डब्याने घेऊन, वाऱ्याकडे पाठ करून, काठावरून शिंपायचे. वाऱ्याची दिशा ज्याने आधी पाहिली नाही, त्याला ती पुढे जन्मभर लक्षात राहते.

खत पडल्यावर तळ्यात जे घडते ते लग्नाच्या पंगतीच्या क्रमाने घडते. आधी जिवाणू वाढतात आणि पाणी किंचित धुरकट होते. मग दोन-चार दिवसांत रोटिफर नावाचे अतिसूक्ष्म जीव दिसू लागतात. त्यांच्या तोंडाभोवती केसांचे चक्र फिरत असते. ते हात न वापरता जेवतात. आठवड्याभराने त्यांच्याहून मोठ्या पाणपिसवा, म्हणजे मोइना आणि डॅफ्निया, हजर होतात. मत्स्यजिऱ्याच्या दृष्टीने ही पंगतीतली बासुंदी. या पिसवांच्या घरात सुबत्तेच्या काळात पुरुष नसतात. माद्या नराविना माद्यांनाच जन्म देत राहतात आणि संख्या दिवसागणिक फुगते. गर्दी झाली, अन्न आटले, पाणी बिघडू लागले, की नर जन्माला येतात. तळ्यात नर दिसू लागणे हे अडचणीचे लक्षण आहे, असे जीवशास्त्र सांगते. यावर अधिक भाष्य करण्याचे पाठ्यपुस्तकांनी आजवर टाळले आहे.

तिसऱ्या फेरीत येतो सायक्लॉप्स. एके काळी गावच्या विहिरींतून नारूचा रोग पसरवणारा म्हणून महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला तो नावाने ठाऊक आहे. नारू देशातून हद्दपार झाल्याचे २००० साली जाहीर झाले, सायक्लॉप्स राहिला. मोठ्या पिलाला तो खाद्य, पण लहान जिऱ्याला तो उलट चावतो. म्हणजे जिरे लवकर सोडले तर वाढपीच आलेले नसतात, उशिरा सोडले तर वाढपीच पाहुण्यांना खातात. पाणपिसवा भरात असताना पाहुणे यावेत, एवढाच सारा मुहूर्त. तो पंचांगात नसतो. जिरे मिळण्याची तारीख बीज केंद्र ठरवते, पावसाची तारीख पाऊस ठरवतो, आणि खत घालण्याची एकटी तारीख तळेवाल्याच्या हातात असते. बहुतेकदा ती जिरे घरी आल्यावर आठवते. वरातीमागून घोडे येते तसे जिऱ्यामागून शेण येते, फरक इतकाच की घोडे मागून आल्याने निदान वरात उपाशी राहत नाही.

आमंत्रण नसलेल्या पाहुण्यांचा समाचार या टप्प्यावर घ्यावा लागतो. खताने पाण्याला चव आली की उडणारे जलकीटक रात्री दिव्याच्या आणि चकाकत्या पाण्याच्या ओढीने उतरतात. त्यांतला एक पाठीवर उलटा पोहतो आणि जिऱ्याला मिठी मारून त्याचे रक्त शोषतो. या किड्यांना श्वास घ्यायला वर यावे लागते, हे त्यांचे वर्म. त्यावर नेम धरून तेल आणि साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरतात. हेक्टरी ५६ किलो स्वस्त तेल आणि १८ किलो कपडे धुण्याचा साबण असे माप आहे, जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी. तेलाच्या पापुद्र्याने श्वासनलिका बंद होतात आणि किडे गुदमरतात. वारा सुटला तर पापुद्रा फाटतो आणि किडे तेलाने माखलेल्या पाण्याच्या कडेला मोकळा श्वास घेत बसतात. या उपायाला दाद न देणारा एकच, चतुराचे पिल्लू. हेलिकॉप्टर म्हणून मुले ज्याच्या शेपटीला दोरा बांधतात त्या चतुराचे हे बाळ पाण्यातच वाढते आणि गुदद्वाराच्या आतल्या कल्ल्यांनी, म्हणजे मागच्या टोकाने, श्वास घेते. त्याला वर यावेच लागत नाही. नावात चातुर्य फुकट नाही. त्याला बारीक जाळ्याने ओढून काढणे हाच उपाय.

पंगत मांडून झाली की नाही हे मोजण्याच्या तीन रीती आहेत. पहिली काळजी घेणाऱ्या माणसांची: बारीक जाळीच्या कापडातून तळ्याचे ५० लिटर पाणी गाळायचे. खाली बसलेले प्लवंग एक-दीड मिलिलिटर भरले तर जिरे सोडायला हरकत नाही. दुसरी थाळीची. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने, जो मूळचा खगोलशास्त्रज्ञ होता, पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात थाळी सोडून ती किती खोलवर दिसते हे पाहिले. आता तळ्यांसाठी वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची थाळी वापरतात. ती २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी बेताचे. आयुष्यभर आकाश पाहणाऱ्या माणसाचे नाव शेवटी गढूळ पाण्याला चिकटले, हा विज्ञानाचा न्याय.

तिसरी रीत फुकट आहे. तळ्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळवा पाहायचा. स्वच्छ दिसला तर खत कमी. अजिबात दिसत नसून पाणी हिरवे किंवा तपकिरी असेल तर पुरे. मनगटच दिसेनासे झाले तर शेणाची पाटी खाली ठेवून घरी जावे. हीच रीत सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी, कारण तीत बाही वर करावी लागते. पाणी मातीने गढूळ असेल तर मात्र थाळी आणि हात दोन्ही फसतात. पहिल्या पावसाच्या लाल पाण्याला समृद्धी समजून खत थांबवणारे दरवर्षी निघतात. त्यांच्यासाठी काचेचा पेला आहे. तळ्याचे पाणी पेल्यात घेऊन उजेडासमोर धरायचे. पांढरे ठिपके झटके देत वर-खाली करताना दिसले तर ते जेवण. काही न हलता नुसताच लालसर रंग दिसला तर तो रस्त्यावरचा चिखल.

रासायनिक खतांचा प्रवेश या पंगतीत थोडा उशिरा आणि जपून होतो. गोड्या पाण्यात बहुधा स्फुरदाची वाण असते, म्हणून सुपर फॉस्फेट उपयोगी पडते. पण त्याचे दाणे फेकले की तळाशी जाऊन चिखलात अडकतात. ते रात्रभर पाण्यात विरघळवून शिंपावे लागते. चुना आणि सुपर एकाच दिवशी घातले तर चुन्यातले कॅल्शियम स्फुरदाला बांधून टाकते आणि दोघांचे पैसे पाण्यात जातात, अगदी शब्दशः. युरियाचे आकर्षण मोठे, कारण त्याने उसाची पाने काळीभोर होतात हे शेजारच्या फडात दिसत असते. तळ्यात त्याचा अमोनिया होतो. उन्हाने शेवाळ चेकाळले की दुपारी पाण्याचा सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूप घेतो. त्यातून ही खते चालतात ती उन्हाच्या जोरावर, आणि जिरे मिळते ते जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे सूर्य रजेवर असताना. ढगाळ आभाळाखाली युरिया घालणे म्हणजे वीज गेलेली असताना मिक्सरमध्ये चटणी भरून ठेवणे. शेणाचे तसे नाही. ते जिवाणूंच्या वाटेने जाते आणि जिवाणूंना ऊन लागत नाही. पावसाळी पंगतीत शेणाची गादी अजून कोणी हलवलेली नाही, याचे कारण एवढेच.

अति तेथे माती ही म्हण जमिनीवरच्या लोकांनी केली. तळ्यावर अति तेथे शेवाळ. खत जास्त झाले की पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखी साय धरते. दिवसा हे शेवाळ प्राणवायू देते, रात्री इतरांबरोबर स्वतःही घेते, आणि शेण कुजवणारे जिवाणू अहोरात्र घेतच असतात. हिशेब सर्वांत तोट्यात जातो तो उजाडण्याच्या आधी. आदल्या दिवशी आभाळ भरलेले असेल तर अधिकच. पहाटे पाचच्या सुमारास बॅटरीचा झोत टाकला तर पाण्याच्या कातडीवर हजारो बारीक तोंडे उघडझाप करताना दिसतात. पाणी उकळी येण्याआधी जसे थरथरते तसे ते दिसते. आणि इथे या शास्त्रातली सर्वांत करुण चूक घडते. काठावरच्या माणसाला वाटते, पोरे भुकेली आहेत. तो पेंड टाकतो. पेंड कुजायला आणखी प्राणवायू लागतो. उपाय खरे तर उलट दिशेचा आहे. खत आणि खाद्य बंद करायचे, ताजे पाणी सोडायचे, पंपाने तेच पाणी उचलून वरून पाडायचे. काहीच नसेल तर तळ्यात उतरून हातपाय मारायचे. सूर्य वर येईपर्यंत पाणी बडवत राहिलेल्या माणसाला पुन्हा शेणाचे माप विचारावे लागत नाही.

प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यांनी या कारभाराला नवे वळण दिले. महाराष्ट्रात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि त्याआधी-नंतरच्या योजनांतूनही माळरानावर काळ्या कागदाची तळी उभी राहिली. कागदावर माती नाही, मातीतली अंडी नाहीत, म्हणून खत घातले तरी खायला कोणी येत नाही. अशा तळ्याला विरजण लावावे लागते. जुन्या, चांगल्या तळ्याचे चार-दोन बादल्या पाणी, कीटक आणि परके मासे येणार नाहीत असे गाळून, त्यात घालायचे. शेण सुटे टाकले तर कागदावर थर धरून सडते. त्यावर तोडगा म्हणून गोणपाटात शेण भरून ते बांबूला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवतात आणि अधूनमधून हलवतात. डिपडिप चहाची पिशवी ज्याने पाहिली आहे त्याला ही कृती शिकवावी लागत नाही. अर्क उतरला की पोते काढून घ्यायचे, चोथा झाडाच्या बुंध्याशी. चहाच्या बाबतीतही घराघरांत हेच करतात.

खताचा मान गाई-म्हशींनाच आहे असे नाही. तळ्याच्या कडेला कोंबड्यांचे खुराडे किंवा पाण्यावर बदके ठेवली की वाहतूकखर्च वाचतो. बदक तर खत घालता घालता पाणी ढवळते आणि किडेही टिपते. मात्र ते जिरेही टिपते, म्हणून त्याला बोटुकल्या मोठ्या झाल्यावरच प्रवेश. या क्षेत्रातला सर्वांत मोठा गोठा कोलकात्याच्या पूर्वेला आहे. तिथल्या पाणथळीत शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत उन्हात निवळवून त्यावर मासे वाढवतात. सुमारे १२,५०० हेक्टरच्या या पाणथळीला २००२ साली रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले. एका महानगराने जे सोडले ते पाण्याने पचवले आणि बाजारात परत पाठवले. ज्या साखळीची लाज वाटावी तिला इतका मोठा सन्मान क्वचितच मिळतो.

जिरे सोडताना पिशवी अर्धा तास तळ्यातच तरंगत ठेवून आतले-बाहेरचे तापमान एक होऊ देतात आणि सकाळी किंवा संध्याकाळी तोंड उघडतात. पुढे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, बारीक दळून, पहिले पाच दिवस लाख जिऱ्यांमागे रोज सुमारे ६०० ग्रॅम आणि नंतर दुप्पट देतात. पंधरा ते वीस दिवसांत जिरे दोन-अडीच सेंटिमीटरचे मत्स्यबीज होते. जाळे ओढून ते मोजले जाते, या वेळी जरा मोठ्या वाटीने. नीट सांभाळलेल्या मातीच्या तळ्यात शंभरातील ३० ते ५० जगतात. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोनेक लाख अंडी घालते ती हा जमाखर्च ठाऊक असल्यासारखीच.

बीज काढले की तळे मोकळे होते आणि एका पावसाळ्यात त्यातच दुसरी, क्वचित तिसरी खेप घेता येते. प्रत्येक खेपेला चुना पुन्हा, शेण पुन्हा, किडे पुन्हा. उन्हाळ्यात तळाचा गाळ उपसून शेतात टाकतात. त्यावर कडबा वाढतो, कडब्यावर गाय, आणि गायीपासून पुढचे सारे वर सांगितलेच आहे. दुसऱ्या खेपेचे शेण घालण्यापूर्वी मागच्या खेपेचे किती उरले आहे ते पाहावे. त्यासाठी बाही कोपरापर्यंत वर करावी लागते.